ग्रहणात गिलके चिरले म्हणून बाळाचा ओठ फाटत नाही

आपल्याकडे जळगाव-धुळ्याकडे बाळ दुभंगलेला ओठ घेऊन जन्मलं की पहिला प्रश्न आईलाच, "ग्रहणात काय चिरलं होतं गं?" आणि ती बिचारी आठवत बसते की सातव्या महिन्यात ग्रहण होतं तेव्हा गिलके चिरले होते का. अहो, पण ओठ जुळतो पाचव्या-सहाव्या आठवड्यात आणि टाळू (डोक्याची नव्हे, तोंडातली वरची) साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे सातव्या महिन्यात तिथं जुळायचं काही बाकीच नसतं.

जगात साधारण 700 बाळांमागे एकाला हे होतं. बहुतेक वेळा कोणतं एकच जीन (जनुक) दोषी नसतं, बरीच जीन्स थोडा थोडा धोका वाढवतात, त्यातलं आयआरएफ6 बरंच अभ्यासलेलं, आणि त्यात भर पडते सिगारेट-दारू, आधीपासूनची शुगर, फिटच्या काही गोळ्या यांची (गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा). नुसता ओठ-टाळूचाच दोष असेल आणि घरात आधी कोणाला नसेल, तर पुढच्या बाळाला धोका साधारण 3 ते 5 टक्के. आणि जीन्स बापाकडूनही येतात बरं का, सासूबाई! मामाची मुलगी केली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

ओठाचं ऑपरेशन साधारण 3 ते 6 महिन्यांत होतं, टाळूचं वर्ष-दीड वर्षापर्यंत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे बसतं, सिव्हिलमध्ये चौकशी करा.