कूलरच्या खोलीतली संगीन

नागपुरात मे महिन्यात लोखंडाला गंज चढावा, हे आधी मला पटेचना. बाहेर पारा ४५ अंशांवर, दोरीवरचा ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक. तरीही म्यानातून काढलेल्या संगिनीवर, म्हणजे बंदुकीच्या टोकाला लावायच्या पात्यावर, ताजे नारिंगी ठिपके होते. कारण खिडकीतच घरघरत होतं: कूलर. ओल्या ताट्यांतून येणारी हवा गार असते तशीच दमटही. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास पोचली, की पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर धरतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो.

ही संगीन बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीतली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. १९०७च्या ब्रिटिश नमुन्याचं पातं १७ इंचांचं होतं. भारतात ते पुढे १२ इंचांवर आलं. (९ इंचांहून लांब पातं शस्त्र कायद्याच्या यादीत येतं, तेव्हा घेण्याआधी पोलिसांकडे परवान्याची चौकशी कराच.) मुठीजवळ कारखान्याचा शिक्का आहे. त्याची अक्षरं नखाने चाचपली तरच कळतात.

म्हणून पॉलिश पेपर हातात घेऊ नये, असं मी कळकळीने सांगतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावरचा शिक्का परत येत नाही. शिवाय सगळाच गंज सारखा नसतो. लाल गंजात पाणी मुरलेलं असतं. तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि त्याखालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. काळा थर मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्याच एका ऑक्साइडचा. तो पोलादाला घट्ट धरून बसतो आणि तेलाचा हात फिरवला तर वर्षानुवर्षं टिकतो. बंदुकीच्या नळ्या काळ्या करणारे कारागीर आधी मुद्दाम गंज चढवत आणि मग नळी पाण्यात उकळत; लाल गंज तिथेच काळा होई.

लाल ठिपक्यावर मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडून मी रात्रभर थांबलो. मग आजीच्या डब्यातल्या तांब्याच्या पैशाच्या कडेने हलकेच खरवडलं. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे भुसभुशीत गंज तेवढा निघाला आणि खालचा काळा रंग शाबूत राहिला.

खरा चोर मात्र म्यान. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं आम्लधर्मी असतं आणि ओल धरून ठेवतं. आता पातं तेल लावून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात असतं, म्यान दुसऱ्या खोलीत, कूलरपासून लांब.