अनोळखी प्रोसेस दिसल्यास फाइल पुसण्याआधी तिची जागा पाहावी

संगणक मंदावला की आपल्यापैकी बरेच जण कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे सुरू असलेल्या प्रोग्रामांची (प्रोसेसची) यादी उघडतात, त्यात एखादे अनोळखी नाव दिसते आणि 'हा व्हायरस आहे का?' असा संदेश आमच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानाकडे येतो. नुसत्या नावावरून आम्ही होय किंवा नाही असे उत्तर देत नाही, याचे काही ग्राहकांना वाईट वाटते. म्हणून त्यामागचे कारण येथे मांडत आहोत.

सर्वाधिक विचारणा 'एसव्हीसीहोस्ट'बद्दल (svchost) होते, कारण हे नाव यादीत कितीतरी वेळा दिसते. ही विंडोजचीच प्रोसेस असून इंटरनेट जोडणी, आवाज, अपडेट अशा अंतर्गत सेवा तिच्यामार्फत चालतात. पूर्वी अनेक सेवा एकाच प्रोसेसमध्ये असत. विंडोज १० च्या २०१७ मधील आवृत्तीपासून साडेतीन जीबीहून अधिक रॅम असलेल्या संगणकांवर बहुतेक सेवांना स्वतंत्र प्रोसेस मिळाली, जेणेकरून एक सेवा कोसळली तर तिच्याबरोबर बाकीच्या बंद पडू नयेत. त्यामुळे ही गर्दी बिघाडाची खूण नव्हे. 'सिस्टिम आयडल प्रोसेस'पुढे ९५ असा आकडा दिसला, तर प्रोसेसर तितके टक्के रिकामा आहे एवढाच त्याचा अर्थ.

मात्र एसव्हीसीहोस्ट हेच नाव घातक प्रोग्रामही धारण करू शकतो, म्हणून नावापेक्षा जागा महत्त्वाची. नावावर उजवे क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडावे. खरी एसव्हीसीहोस्ट फाइल विंडोज फोल्डरातील 'सिस्टिम३२' किंवा 'सिसवॉव६४'मध्ये असते. तीच आपल्या 'अॅपडेटा' (प्रोग्रामांची माहिती साठवणाऱ्या) किंवा 'टेम्प' (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरात सापडली, किंवा नावातील अक्षरांची अदलाबदल झालेली दिसली, तर संशयाला सबळ कारण आहे. तरीही 'अॅपडेटा'तील प्रत्येक गोष्ट वाईट नसते. काही चांगले प्रोग्रामही तेथेच बसतात.

आता आमचा सर्वाधिक वेळ घेणारी चूक. इंटरनेटवर कोठेतरी 'हे धोकादायक आहे' असे वाचून ग्राहक ती फाइल पुसतात किंवा सेवा कायमची बंद करतात, वर एखादा फुकटचा 'क्लीनर' बसवतात आणि मग संगणक आमच्याकडे आणतात. प्रिंट स्पूलर ही सेवा अशाच प्रकारे बंद केल्यामुळे छपाई थांबते आणि 'प्रिंटर बिघडला' म्हणून प्रिंटरच दुकानात येतो. फाइल खरोखरच घातक असली, तर ती पुसल्यावर ती कोठून आली आणि पुन्हा कोण सुरू करत होते, याचा मागही तिच्याबरोबर पुसला जातो. अर्ध्या तासाच्या कामाला मग दोन दिवस लागतात.

म्हणून पुसण्याऐवजी प्रोसेसचे नाव, फाइलची जागा आणि 'प्रॉपर्टीज'मधील 'डिजिटल सिग्नेचर्स' हे पान (फाइल कोणाची आहे हे दाखवणारी सही) दिसत असल्यास ते, यांची छायाचित्रे आम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवावीत. प्राथमिक मत आम्ही विनाशुल्क देतो. विंडोजच्या काही खऱ्या फाइलींना हे पान नसते, तेव्हा ते नाही म्हणून घाबरू नये. संगणक दुकानात ठेवावा लागला, तर तपासणीचे शुल्क आम्ही बिघाड न सापडल्यासही घेतो, कारण 'येथे काही नाही' असे खात्रीने सांगण्यासाठीही सुरू होणारा प्रत्येक प्रोग्राम पाहावाच लागतो. वार्षिक देखभाल करार असलेल्या ग्राहकांना हे शुल्क लागत नाही, आणि त्यांच्या संगणकावरील नेहमीच्या प्रोसेसची नोंद आमच्याकडे आधीच असल्याने नवे नाव लगेच ओळखू येते.

संशय बळकट असेल, तर इंटरनेट तोडावे, त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत. खात्यातून पैसे गेले असल्यास आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि बँकेत कळवावे, मग आमच्याकडे यावे.