घरगुती व्हीगन सॅलड ड्रेसिंग

कच्च्या किंवा जेमतेम वाफवलेल्या भाज्यांवर घालण्यासाठी घरी केलेले, दूध, दही, तूप, अंडे आणि मध यांपैकी काहीही नसलेले आंबट-खारट मिश्रण. तेल, आंबट रस, मीठ आणि या सगळ्यांना एकत्र धरून ठेवणारा एखादा दाट घटक एवढ्यावर ते तयार होते. पुण्यात त्याची ओळख बहुतेकांना कोरेगाव पार्क, औंध, बाणेर भागातल्या कॅफेंमधून झाली आणि त्यामुळे ते बाटलीतून येणारे, महागाचे, परके काहीतरी वाटत राहिले. प्रत्यक्षात पेठांतल्या जुन्या स्वयंपाकघरातही त्याचे साहित्य आणि तंत्र दोन्ही हाताशी आहेत. दाण्याचे कूट, लिंबू आणि तेलाची फोडणी घातलेली खमंग काकडी पूर्ण व्हीगन असते. फोडणी तुपाची नसली म्हणजे झाले. बारीक चिरलेल्या कच्च्या मेथीवर कूट, मीठ, लिंबू आणि कच्चे तेल घालून केलेला घोळाणाही त्यातलाच. हे पदार्थ करणाऱ्या हातांना ड्रेसिंग शिकायला फार वेळ लागत नाही.

व्हीगन आहाराची चळवळ ब्रिटनमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या व्हीगन सोसायटीपासून सुरू झाली. महाराष्ट्रात शाकाहाराची परंपरा मोठी असली तरी ती दुधातुपावर उभी आहे, म्हणून इथे व्हीगन होताना बहुतेकांना मांस नव्हे, दही सोडावे लागते. कोशिंबीर म्हटली की दही, हे समीकरण घराघरांत पक्के आहे आणि ड्रेसिंगचा प्रश्न नेमका तिथेच उभा राहतो.

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. लिंबाचा रस म्हणजे बहुतांशी पाणीच. तीन भाग तेल आणि एक भाग आंबट हे फ्रेंच पद्धतीच्या साध्या ड्रेसिंगचे प्रमाण. ते बाटलीत जोरजोरात हलवले तरी थोड्या वेळाने तेल वर येते. मेयोनेजमध्ये अंड्याच्या बलकातले लेसिथिन तेलाच्या बारीक थेंबांभोवती आवरण धरते आणि थेंब पुन्हा एकत्र येऊ देत नाही. व्हीगन ड्रेसिंगमध्ये हेच काम वाटलेली मोहरी, दाण्याचे किंवा तिळाचे कूट, भिजवून वाटलेले काजू, जवसाचा चिकट अंश किंवा काबुली चणे शिजवलेले पाणी करते. चण्याच्या पाण्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो, हे फ्रान्समध्ये जोएल रोसेल यांनी २०१४ साली दाखवून दिले. तेव्हापासून अंड्याविना मेयोनेज करणारे ते पाणी फेकत नाहीत.

पुणेरी घरासाठी यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे फेसलेली मोहरी. लोणच्याच्या मोसमात आणि केळ्याच्या रायत्यासाठी ती केली जाते, पण रोजच्या वापरातून ती मागे पडत चालली आहे आणि ते खटकण्यासारखे आहे. मोहरी दोन चमचे घ्यायची, थोडी भरड कुटायची आणि खलात थंड पाण्याचे थेंब घालत बत्त्याने एकाच दिशेने घोटत राहायचे. आधी ती कडवट लागते, रंग मळकट असतो. पाच-सात मिनिटांत ती फिकट पिवळी आणि फुगीर होते, कडांना बारीक फेस दिसतो आणि खलावर वाकले की झणका थेट नाकात जातो. मोहरीचा दाणा फुटून त्याला पाणी लागले की त्यातले मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) सिनिग्रिन या घटकावर काम करते आणि तिखट वासाचे ॲलिल आयसोथायोसायनेट तयार होते. उष्णतेने हे विकर नष्ट होते, म्हणून फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते पण नाकात जात नाही. आंबटही विकराला आवरते. त्यामुळे मोहरी फेसताना लिंबू आधी पिळायचे नाही; झणका पुरेसा चढल्यावर पिळायचे, म्हणजे चव तिथेच धरून राहते. दुकानात मिळणाऱ्या डिजॉन मोहरीचे, म्हणजे फ्रेंच पद्धतीच्या वाटलेल्या मोहरीचे, काम ही फेसलेली मोहरी पूर्णपणे करते: तिच्यातली प्रथिने आणि चिकट अंश तेलाचे थेंब धरून ठेवतात.

दुसरा आधार कुटाचा. शेंगदाण्यात साधारण निम्मे तेल आणि पाव हिस्सा प्रथिने असतात, त्यामुळे नीट वाटलेले कूट स्वतःच अर्धे ड्रेसिंग असते. दाणे मंद आचेवर भाजून, सालपटे पाखडून घ्यायची. कोशिंबिरीसाठीचे भरड कूट इथे चालत नाही. मिक्सरमध्ये थांबत थांबत, दाण्याला तेल सुटून लगदा चकचकीत होईपर्यंत वाटावे लागते. या लगद्यात लिंबाचा रस घातला की तो सैल होण्याऐवजी एकदम आवळतो, चमच्याला चिकटून गोळा होतो. पहिल्यांदा करणारा इथे घाबरतो आणि आणखी तेल ओततो. तेल ओतू नये. थोड्या पाण्याने लगद्यातले कोरडे कण एकमेकांना चिकटतात, पाणी वाढवले की तेच कण सुटे होतात आणि तेल पाण्यात विखुरते. चमचा-चमचा पाणी घालत फेटले की मिश्रणाचा रंग उजळतो आणि ते सायीसारखे ओघळू लागते. तिळाचेही असेच होते. अरब देशांतली ताहिनी म्हणजे तिळाचाच असा लगदा. संक्रांतीनंतर उरलेले पांढरे तीळ भाजून तो घरी सहज होतो, फक्त तीळ जास्त भाजले गेले तर कडू लागतात.

चार जणांच्या सॅलडला पुढील प्रमाण पुरते: भाजलेले दाणे अर्धी वाटी, फेसलेली मोहरी १ चमचा, लिंबाचा रस २ मोठे चमचे, किसलेला गूळ १ चमचा, मीठ अर्धा चमचा, आल्याचा लहान तुकडा, एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, पाणी ५ ते ६ मोठे चमचे आणि शेवटी घाण्याचे तेल १ मोठा चमचा. आधी दाण्यांचा लगदा, त्यात मोहरी, मग आले-मिरची-कोथिंबीर-मीठ-गूळ, त्यानंतर लिंबू, मग पाणी. तेल सर्वांत शेवटी, बारीक धारेने, फेटता फेटता. गूळ गोडीसाठी घालायचा नाही; आंबटाची धार कमी करण्यासाठी घालायचा. परदेशी पाककृतींत याच जागी मध असतो, म्हणून व्हीगन करताना गूळ, काकवी किंवा भिजवलेला खजूर घेतात.

तेलाची निवड चवीवर ठरते. पुण्यात गल्लोगल्ली लाकडी घाण्याची दुकाने निघाली आहेत आणि तिथले शेंगदाण्याचे तेल वासाला ठसठशीत असते. कुटाच्या ड्रेसिंगला ते शोभते. कोबी-मुळ्याच्या हलक्या सॅलडला मात्र ते भारी पडते. तिथे करडईचे तेल सरस. करडई हे दख्खनच्या कोरडवाहू रब्बी पट्ट्यातले जुने पीक, आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने त्यावर दीर्घकाळ काम केले आहे. करडईचे तेल फ्रीजमध्येही पातळ राहते, म्हणून करून ठेवलेल्या ड्रेसिंगला ते सोयीचे. खोबरेल तेल मात्र टाळावे: साधारण २४ अंशांखाली ते थिजते आणि पुण्याच्या डिसेंबरमधल्या सकाळी पानांवर पांढरे कण दिसू लागतात.

आंबटासाठी लिंबू नेहमीचे, पण उन्हाळ्यात लिंबांचे भाव चढतात तेव्हा महात्मा फुले मंडईत कैऱ्यांचे ढीग लागलेले असतात. किसलेल्या कैरीचा रस किंवा वाटलेली कैरी लिंबाच्या जागी उत्तम बसते, शिवाय तिचा गर दाटपणाही देतो. कोकमाचे आगळ वापरताना मीठ हात आखडूनच घालावे, कारण आगळात ते आधीच भरपूर असते. चिंचेच्या कोळाने रंग काळपट होतो. बीट किंवा उकडलेल्या रताळ्यावर चालतो, काकडीवर नको.

पुणे जिल्ह्यात लेट्यूस, ब्रोकोली, झुकिनी पिकते आणि मंडईपासून मॉलपर्यंत मिळते. लेट्यूसची पाने धुऊन अगदी कोरडी करावीत, नाहीतर ड्रेसिंग पानाला न लागता तळाशी साचते. आपल्या भाज्यांचे तंत्र वेगळे आहे. चोचवलेली काकडी, मुळा, कोबी यांना मीठ लागले की पाणी सुटते आणि दाट ड्रेसिंगचा पाचच मिनिटांत रस्सा होतो. यावर उपाय जुनाच: काकडीला आधी मीठ लावून दहा मिनिटे ठेवायचे, हलक्या हाताने पिळायचे आणि ते सुटलेले पाणी साध्या पाण्याऐवजी कूट फेटायला वापरायचे. ड्रेसिंगमधले मीठ मग कमी करायचे. काकडीचा वास ड्रेसिंगमध्ये उतरतो आणि काहीही वाया जात नाही. गाजर, मोड आलेले मूग, वाफवलेला मका यांना अशी घाई नसते; ते ड्रेसिंगमध्ये मुरले की उलट चांगले लागतात. गाजरातले बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागते, म्हणून वजन कमी करण्यासाठी ड्रेसिंगमधले तेल पूर्ण वगळण्याची पद्धत बरोबर नाही.

दह्यासारखाच आंबटपणा आणि गारवा हवा असेल तर भिजवलेले काजू किंवा मगज बी वाटून त्यात लिंबू घालतात. काही घरांत शेंगदाण्याच्या किंवा सोयाबीनच्या दुधाला हिरव्या मिरचीच्या देठांचे विरजण लावून दही करतात. मगज बी काजूपेक्षा स्वस्त आणि चवीला सौम्य. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठीही तिचा पर्याय लक्षात ठेवावा.

विकतच्या ड्रेसिंगबाबत एक गोष्ट नीट पाहावी. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचा अर्थ शाकाहारी एवढाच. त्यात दूध आणि मध चालतो. अंड्याविना म्हणून विकल्या जाणाऱ्या मेयोनेजमध्येही दुधाची पावडर असू शकते. भारतात व्हीगन पदार्थांसाठी अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२२ साली स्वतंत्र नियम केले आणि इंग्रजी व्ही अक्षराचे हिरवे चिन्ह ठरवले. ते नसेल तर घटकांची यादी वाचावी.

घरचे ड्रेसिंग झाकणाच्या काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते. कोथिंबीर घातलेले त्याआधीच काळे पडते, म्हणून ती वाढताना घालणे बरे. दाणे जुने असतील तर ड्रेसिंगला खवट वास येतो आणि तो कशानेही झाकला जात नाही. म्हणून कूट भरपूर करून ठेवण्यापेक्षा दाणे लागतील तसे भाजावेत. कच्चा लसूण तेलात घालून ओट्यावर ठेवण्याची सवय मात्र धोक्याची आहे. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात. लसणाचे ड्रेसिंग हवे तेवढेच करून त्याच दिवशी संपवावे.