घरगुती लॅन : केबल जोडणीतील दोषशोध

लॅनमधील, म्हणजे घरातल्या उपकरणांच्या आपसातल्या जाळ्यातील, संगणक, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे अशी उपकरणे केबलने राउटरला किंवा स्विचला (अनेक केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीला) जोडलेली असताना ती जोडणी का तुटते, का मंदावते किंवा मध्येच का जाते, हे क्रमाने शोधून काढण्याची पद्धत. अशा जोडण्या ईथरनेट या तंत्रावर चालतात. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ मध्ये त्यावर काम सुरू केले. पीळ दिलेल्या तारांच्या केबलवर सेकंदाला १० मेगाबिट वाहून नेण्याचे मानक १९९० मध्ये, १०० मेगाबिटचे १९९५ मध्ये आणि १,००० मेगाबिटचे, म्हणजे गिगाबिटचे, १९९९ मध्ये आले. आजच्या राउटरच्या पोर्टमध्ये (केबल बसवायच्या खाचेत) हे सगळे वेग सहसा एकत्र नांदतात आणि दोन्ही टोकांची उपकरणे आपसात बोलणी करून वेग ठरवतात. ही सोय मोठी आहे, पण घरातल्या केबलचे दोष लपतात ते तिच्यामुळेच. केबल अर्धवट बिघडली तरी जोडणी मरत नाही, खालच्या वेगावर चालत राहते, आणि घरातली माणसे ‘नेट स्लो आहे’ म्हणून सेवादात्याकडे तक्रार करत राहतात.

केबलमध्ये आठ तारा असतात आणि त्यांच्या नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा चार जोड्या असतात. प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि त्यांतून एकाच संकेताची उलटसुलट रूपे धावतात. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच आदळतो. पलीकडचे उपकरण दोन तारांमधला फरक तेवढा वाचते, त्यामुळे गोंगाट वजा होतो आणि संकेत उरतो. १०० मेगाबिटच्या जोडणीला यांतल्या दोनच जोड्या लागतात, म्हणजे प्लगमधल्या १–२ आणि ३–६ या पिना. गिगाबिटला मात्र चारही जोड्या धड लागतात. म्हणून निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटली, तर बरीच उपकरणे गुपचूप १०० मेगाबिटवर उतरतात. पोर्टजवळचा लिंकचा, म्हणजे जोडणीचा, दिवा लागलेला असतो, पानेही उघडतात. अशा वेळी ३०० मेगाबिटची योजना घेतलेल्या घरात वेगचाचणीचा आकडा ९४-९५ च्या वर जात नाही. उरलेले पाच-सहा मेगाबिट पाकिटांच्या (माहिती ज्या छोट्या तुकड्यांत जाते त्यांच्या) वेष्टनात खर्च होतात. सकाळ असो वा रात्र, आकडा नेमका तिथेच अडत असेल तर आधी घरातली लिंक तपासावी. मात्र दरवेळी केबललाच दोष देऊ नये. कित्येक स्मार्ट टीव्हींचे लॅन पोर्ट मुळातच १०० मेगाबिटचे असतात आणि फायबरच्या काही मोडेमवर एकच पोर्ट गिगाबिटचा, बाकीचे १००चे असतात.

काही उपकरणांना असे खाली उतरता येत नाही. वेगाची बोलणी १–२ आणि ३–६ या जोड्यांवरच होतात, त्यामुळे दोन्ही बाजू गिगाबिटवर राजी होतात, मग चारही जोड्या वापरायला जातात, फसतात आणि पहिल्यापासून सुरुवात करतात. पोर्टचा दिवा काही सेकंद लागतो, विझतो, परत लागतो. संगणकाच्या नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये वेग तात्पुरता १०० मेगाबिटवर बांधून पाहावा. तेवढ्याने जोडणी स्थिर झाली, तर संशय केबलवर पक्का होतो. परीक्षा झाली की सेटिंग पुन्हा ‘ऑटो’वर आणणे अत्यावश्यक आहे. एका टोकाला १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणे आणि घेणे) असे हाताने बांधून ठेवले आणि दुसरे टोक ऑटोवर राहिले, तर त्या दुसऱ्या टोकाला बोलणी ऐकू येत नाहीत. वेग त्याला संकेतावरून ओळखता येतो, डुप्लेक्स मात्र ते ‘हाफ’ (एका वेळी एकच: पाठवणे किंवा घेणे) धरते. मग पिंग (पलीकडून उत्तर येते का हे पाहणारी छोटी चाचणी) सुरळीत जाते, साधी पाने उघडतात, पण मोठी फाइल पाठवायला घेतली की वेग पार कोसळतो.

टेस्टर फसतो तो दोष : जोडी फुटणे हा घरच्या घरी प्लग बसवताना होणारा दोष सर्वांत फसवा आहे. तारांचे रंग क्रमाने, जोडीमागून जोडी लावणे कोणालाही स्वाभाविक वाटते: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, हिरवी, निळी-पांढरी, निळी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम असेल तर केबल तपासणाऱ्या स्वस्त टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागतात आणि केबल पास ठरते. प्रत्यक्षात ३ आणि ६ या पिना एका जोडीच्या असायला हव्यात. या क्रमात ३ वर हिरव्या जोडीतली तार येते आणि ६ वर निळ्या जोडीतली. संकेत दोन वेगळ्या पिळांच्या तारांवर विभागला गेल्याने गोंगाट वजा होणे थांबते. दोन मीटरच्या तुकड्यावर काही जाणवत नाही, पण हॉलपासून मागच्या खोलीपर्यंतच्या केबलवर पाकिटे गळू लागतात. आपल्याकडे रूढ असलेला ‘बी’ क्रम असा: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. मधल्या ४–५ पिना एका जोडीला देण्याची ही रीत टेलिफोनच्या जोडणीतून आली आहे. साधा टेस्टर तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आहे की नाही एवढेच सांगतो. ती तार कोणत्या जोडीतली आहे हे त्याला कळत नाही, म्हणून प्लगच्या पारदर्शक पाठीतून रंग डोळ्यांनी वाचणे हीच घरातली खरी तपासणी.

टोके आणि तार : घरातले बहुतेक दोष केबलच्या मध्यावर नसतात, टोकाला असतात. प्लगची चाप तुटली की तो पोर्टमध्ये सैल बसतो आणि टेबल हलले की लिंक जाते. क्रिम्प करताना (प्लग चिमट्याने दाबून बसवताना) बाहेरचे आवरण प्लगच्या आत दाबले गेले नाही, तर सगळा ताण बारीक तारांवर येतो. टोकाशी पीळ उलगडायचा तो फार तर १३ मिलिमीटर. त्याहून जास्त उलगडला तर जोड्या एकमेकींत गोंगाट पेरतात. भिंतीतल्या केबलची तार एकसंध असते आणि पॅच कॉर्डची अनेक बारीक तंतूंची. दोन्हींना लागणाऱ्या प्लगचे दात वेगवेगळे असतात. चुकीचा प्लग महिनाभर चालतो आणि नंतर मध्येच दगा देतो.

तारेच्या धातूकडे बारकाईने पाहणे गरजेचे आहे. भारतीय बाजारात ‘कॅट ६’ (केबलची एक प्रत) छापलेल्या अनेक स्वस्त केबलची तार ॲल्युमिनियमची असून वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. अशा केबलला दुकानदार ‘सीसीए’ म्हणतात. कॅट ५ई आणि कॅट ६ च्या मानकांत अशी तार बसत नाही. ॲल्युमिनियमचा विद्युत रोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो, आणि वाकवाकवी झाली की ही तार तुटते. केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांवर त्याचा परिणाम ठळक दिसतो. दिवसभर नीट चालणारा कॅमेरा अंधार पडताच बंद-चालू होऊ लागतो, कारण इन्फ्रारेड दिवे लागले की त्याला जास्त वीज लागते आणि रोधक तारेत व्होल्टता घसरते. तारेचे टोक ब्लेडने खरवडून पाहावे. आतून पांढरट चकाकी आली तर ते तांबे नव्हे. अशी केबल भिंतीच्या पाइपातून ओढण्याआधीच नाकारलेली बरी. पैसे वाचतात ते पुढे दुरुस्तीत जातात.

तपासणीचा क्रम : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी दोन्ही टोकांचे दिवे पाहावे. मग चालू असल्याची खात्री असलेली छोटी केबल लावून पाहावी, मग राउटरचा पोर्ट बदलावा आणि शेवटी उपकरण. लॅपटॉप राउटरजवळ नेऊन थेट जोडला आणि सगळे ठीक चालले, तर दोष मधल्या केबलमध्ये किंवा स्विचमध्ये आहे हे तिथेच सिद्ध होते. स्विचचे सगळे दिवे एकदम मंद होत असतील किंवा लुकलुकत असतील तर त्याचा अडॅप्टर तपासावा. त्यानंतर राउटरच्या पत्त्यावर काही मिनिटे सलग पिंग चालवावी. केबलवर उत्तर साधारण एका मिलिसेकंदाच्या आतबाहेर येते आणि एकही पाकीट हरवू नये. वायफायवर थोडी गळती सोसावी लागते, केबलवर ती दोषाची खूण असते. विंडोजमध्ये ‘नेटस्टॅट’ आणि लिनक्समध्ये ‘एथटूल’ या आज्ञा चुकांचे आकडे दाखवतात. ते वाढत असतील तर सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नये.

लिंक ठीक असूनही संगणकाचा जाळ्यातला पत्ता (आयपी) १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक घेतला आहे. वीज गेली-आली की हे होऊ शकते: संगणक आधी उठतो, राउटर मागून. भारनियमनाच्या भागांत मोडेम आणि राउटर छोट्या यूपीएसवर ठेवल्याने हा त्रास बराच कमी होतो. फायबरच्या मोडेमच्या जोडीला स्वतःचा राउटर विकत घेतलेल्या घरांत वेगळाच गुंता होतो. दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये केबल गेली, तर एकाच जाळ्यात पत्ते वाटणारे दोघे होतात, आणि दोघांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर उपकरणे कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे जातात. केबल वॅन पोर्टमध्ये (राउटरच्या इंटरनेटकडच्या पोर्टमध्ये) घालावी, किंवा दुसऱ्या राउटरची पत्तेवाटप बंद करून त्याचा पत्ता बदलावा. काही स्थानिक सेवादाते जोडणी एका ठरावीक यंत्राच्या मॅक पत्त्याशी (यंत्राला कारखान्यात मिळालेल्या ओळखक्रमांकाशी) बांधतात. तिथे राउटर बदलला की केबल, पोर्ट, सगळे ठीक असूनही नेट चालत नाही. नवा मॅक पत्ता त्यांना कळवावा लागतो.

एकाच केबलची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचमध्ये गेली, तर सर्वांसाठीचे पाकीट त्या वर्तुळात फिरत आणि वाढत राहते. ईथरनेटच्या चौकटीत (पाकिटाच्या ठरावीक मांडणीत) आयुष्याची मर्यादा नसल्याने ते आपोआप मरत नाही. सगळे दिवे एकाच वेगाने फडफडतात आणि वायफायसह घरातले सारे जाळे गुदमरते. यावरचा उपाय, म्हणजे वर्तुळ ओळखून त्यातली एक वाट बंद ठेवण्याची रीत, संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला, पण घरगुती स्वस्त स्विचमध्ये तो सहसा नसतो. एकेक केबल काढत जावे. फडफड थांबली की दोषी तीच.

पाऊस आणि भिंती : वळवाच्या पावसात गच्चीवरून गेलेल्या किंवा अंगणातल्या कॅमेऱ्याला जोडलेल्या तांब्याच्या केबलमधून विजेचा झटका आत येतो आणि पोर्ट जळतो. कधी एकच पोर्ट मरतो आणि बाकीचे चालतात, म्हणून वादळानंतर पोर्ट बदलून पाहणे हा पहिला उपाय. मोडेमपर्यंत फायबर आले तरी अडॅप्टरची आणि बाहेरच्या कॅमेऱ्याची वाट उघडीच राहते. २३० व्होल्टच्या वायरसोबत एकाच पाइपात लॅन केबल ओढू नये. गोंगाट हे त्याचे दुय्यम कारण. मुख्य कारण असे की वायरचे आवरण फाटले तर वीज थेट माणसाच्या हातातल्या उपकरणापर्यंत येते.

भिंतीतली केबल बदलायची असेल तर जुनीच्या टोकाला नवी बांधून पाइपातून ओढतात. पाइप बुजला असेल आणि नवी केबल जात नसेल, तर आतल्या चारपैकी दोन जोड्या शाबूत आहेत का पाहावे. असतील तर त्या दोन्ही टोकांना १–२ आणि ३–६ या पिनांवर, प्रत्येक जोडी एकत्र राखून बसवाव्यात आणि नव्या क्रमाची चिठ्ठी दोन्ही टोकांना चिकटवावी. तिच्यावर १०० मेगाबिटची जोडणी व्यवस्थित चालते, आणि टीव्हीला तेवढे सहसा पुरते.