एकाच तारेवर दोघांची हाक

कीबोर्डवर कळ दाबली की प्रोसेसर हातातलं काम थांबवतो, कोणती कळ ते वाचून घेतो आणि पुन्हा कामाला लागतो. ही हाक म्हणजे इंटरप्ट. ती कुठून आली हे कळावं म्हणून हाकेच्या तारेला क्रमांक असतो, आयआरक्यू.

1981च्या आयबीएम पीसीत या हाका गोळा करणाऱ्या चिपला अशा 8 तारा होत्या. 1984च्या पीसी-एटीत तितक्याच तारांची दुसरी चिप आली, पण ती पहिलीच्याच एका तारेवर जोडल्याने उरल्या 15. त्यातही 0 टायमरचा, 1 कीबोर्डचा, 6 फ्लॉपीचा ठरलेला. पहिल्या आणि तिसऱ्या सीरियल पोर्टच्या वाट्याला तर एकच क्रमांक 4 होता. एकावर माऊस आणि दुसऱ्यावर मोडेम लावला, की फोन जोडताना माऊस गोठायचा.

तार वाटून का घेता येत नव्हती? कारण त्या काळच्या आयएसए कार्डांची, म्हणजे पीसीत आतून जोडायच्या जुन्या पद्धतीच्या कार्डांची, हाक म्हणजे दारावरची एक टकटक. दोघांनी एकदमच टकटक केली तर आत एकच ऐकू येते आणि दुसरा बाहेर ताटकळतो. 1992मध्ये आलेल्या पीसीआय या नव्या जोडणी-पद्धतीने रीत बदलली. इथे उपकरण बेलवर बोट दाबूनच ठेवतं, काम होईपर्यंत. एकाचं काम झालं तरी दुसऱ्याचं बोट असेपर्यंत बेल वाजतच राहते, त्यामुळे कुणी सुटत नाही. मला हा बदल फार सुंदर वाटतो: तार तीच, फक्त हाक मारायची पद्धत वेगळी.

पण बेल कुणी वाजवली हे तारेवरून कळत नाही. म्हणून लिनक्स कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्या क्रमांकावर नोंदलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामला, विचारतो, 'तुझं उपकरण का?' ड्रायव्हर आपल्या उपकरणाची स्थिती सांगणारा स्टेटस रजिस्टर वाचून हो किंवा नाही म्हणतो. सगळा डोलारा या खऱ्या उत्तरावर उभा आहे. 1,00,000 हाकांपैकी 99,900हून जास्त हाकांना कुणीच 'माझी' म्हटलं नाही, तर कर्नल ती तारच बंद करतो, आणि तिच्यावरची निर्दोष उपकरणंही रखडतात. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने 'नाही' म्हणतानाही तितकंच काटेकोर असायला हवं ते यासाठीच.

आजची बरीच उपकरणं तार वापरतच नाहीत. ती ठरलेल्या पत्त्यावर एक संदेश लिहितात. या एमएसआय-एक्स पद्धतीत एका उपकरणाला 2,048पर्यंत वेगळे इंटरप्ट मिळू शकतात, म्हणून नेटवर्क कार्ड प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला स्वतंत्र हाक मारू शकतं.

लिनक्सवर प्रॉक फोल्डरातली इंटरप्ट्स नावाची फाइल उघडून पाहा. एखाद्या ओळीच्या शेवटी स्वल्पविरामाने जोडलेली दोन नावं दिसली, तर ती दोघं आजही एकाच बेलवर बोट ठेवून आहेत.