टॅब बंद केला म्हणजे लॉगआउट झालं नाही

प्रवेशाच्या दिवसांत साताऱ्यात पोवई नाका, राजवाडा भागातल्या सायबर कॅफेंत गर्दी असते. एखादी मुलगी फॉर्म भरते, प्रिंट घेते, टॅब बंद करून निघून जाते. पुढचा मुलगा तीच साइट उघडतो, तर समोर तिचं नाव, मोबाईल नंबर, जातीचा दाखला! भल्याभल्या शिकलेल्यांनाही वाटतं की टॅब मिटला की काम संपलं. तसं नसतं.

वेब ज्या एचटीटीपी नियमांवर चालतं, त्यांना स्मरणशक्तीच नाही. तुमचं प्रत्येक क्लिक सर्व्हरला नवखं. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी त्यावर कुकीचा तोडगा काढला. सर्व्हर ब्राउझरला छोटासा मजकूर देतो आणि ब्राउझर तो दर वेळी परत दाखवतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखं हे आहे: तिथला माणूस चेहरा बघत नाही, नंबर बघतो. ('कुकीतून व्हायरस शिरतो' असे मेसेज फिरतात, ते खोटे आहेत. कुकी म्हणजे नुसता मजकूर, तो चालणारा प्रोग्रॅम नव्हे.)

कुकीत असाच एक नंबर असतो आणि त्या नंबरखाली सर्व्हर तुमच्या भेटीची नोंद ठेवतो; या नोंदीला सेशन म्हणतात. हा नंबर सांभाळायचं काम प्रोग्रॅमर सहसा तयार लायब्ररीवर, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कोडवर सोपवतात. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या जँगो लायब्ररीचं उदाहरण घेऊ. तिचा सेशन नंबर ३२ अक्षरी असतो, इंग्रजी छोटी अक्षरं आणि आकडे मिळून ३६ चिन्हांतून निवडलेला. एकूण शक्यतांची संख्या ५० आकडी होते. अंदाजाने नंबर लागणं अशक्यच.

पण चोराला अंदाज बांधायची गरजच नसेल तर? समजा, त्याने कॅफेतल्या संगणकावर साइट उघडली, लॉगिन न करताच मिळालेला सेशन नंबर टिपून घेतला आणि पान तसंच सोडून तो उठला. मग तुम्ही बसलात, पासवर्ड टाकलात. नंबर तोच राहिला, तर तो आता तुमच्या नावाचा झाला आणि चोराच्या वहीतही आहे! घरी जाऊन त्याने तो स्वतःच्या ब्राउझरमध्ये घातला की पासवर्डाशिवाय तो आत. याला सेशन फिक्सेशन म्हणतात. जँगोचं लॉगिन फंक्शन इथे फार देखणं काम करतं: आधीचा मजकूर उचलून नव्या नंबरखाली ठेवतं आणि जुना नंबर मोडीत काढतं. त्या सेशनमध्ये आधी दुसऱ्याच कुणाचं लॉगिन असेल, तर मजकुरासकट सगळं पुसून टाकतं. मला या छोट्याशा कोडचं कौतुक वाटतं.

लॉगआउट फंक्शन सर्व्हरवरची सेशनची नोंदच पुसतं, शिवाय ब्राउझरला कुकी टाकून द्यायला सांगतं. यातली पहिली गोष्ट महत्त्वाची. नुसती कुकी गेली आणि नोंद राहिली, तर कुणी टिपलेला नंबर पुढेही चालतो. टॅब बंद केल्यावर तर यातलं काहीच होत नाही. जँगोत कुकीचं आयुष्य मुळात १२,०९,६०० सेकंद, म्हणजे दोन आठवडे ठरवलेलं असतं.

हल्ली सेशन नंबरऐवजी जेडब्ल्यूटी टोकनचा, म्हणजे तुमची ओळख आतच लिहिलेल्या, सही केलेल्या मजकुराचा बोलबाला आहे. त्यात सर्व्हर नोंद ठेवत नाही, फक्त एचमॅकसारखी (गुप्त किल्ली वापरून गणिताने काढलेली) सही तपासतो. वेग मिळतो खरा, पण पुसायला नोंदच नसल्याने मुदत संपेपर्यंत टोकन चालूच राहतं. रद्द केलेल्या टोकनांची वेगळी बाद-यादी ठेवली, तर नोंदी आल्याच. त्याला सरसकट 'जास्त सुरक्षित' म्हणणं मला पटत नाही.

लॉगआउट करायचं विसरून घरी आलात तर पासवर्ड बदला. जँगो सेशनमध्ये पासवर्डवरून काढलेली एक खूण ठेवते. पासवर्ड बदलला की ती जुळत नाही आणि कॅफेतलं उघडं सेशन पुढच्याच क्लिकला बाद होतं.