घोड्यासाठी बिट घेण्याआधी

"कडक लगाम द्या, घोडा थांबतच नाही." आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य आमच्या दुकानात ऐकू येतंच. कडक बिट आमच्याकडे आहेत आणि महागही आहेत, पण मागितल्या मागितल्या ते आम्ही काढून देत नाही. त्यामागची कारणं या पत्रकात लिहिली आहेत. लगाम म्हणताना आपण म्होरकी (डोक्यावरचे पट्टे), वाद्या (स्वाराच्या हातातले पट्टे) सगळं धरून बोलतो. इथे बिट म्हणजे फक्त घोड्याच्या तोंडात जाणारा भाग.

आधी तोंड बघा. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे हिरडीचा मोकळा पट्टा असतो. बिट तिथे बसतं. त्या हिरडीखाली लगेच हाड आहे, मधे मांसाची गादी नाही. जीभ जाड असते आणि तोंड मिटलं की जवळजवळ सगळी जागा तीच व्यापते. म्हणून "जाड बिट म्हणजे मऊ बिट" हे दर वेळी खरं ठरत नाही. तोंडात जागाच कमी असेल तर २० मिलिमीटरचं बिट घोड्याला दिवसभर कोंबल्यासारखं वाटतं. घरी करून बघा: दातांमधल्या त्या मोकळ्या जागेत कडेने दोन बोटं एकावर एक सरकवा आणि दुसऱ्या हाताने तोंड हलकेच मिटा. बोटं चेंगरली तर १४ ते १६ मिलिमीटरचं बिट बघायचं. मात्र बोटं दाढांपर्यंत नेऊ नका, आमच्याकडच्या पोराने एकदा नेली होती.

दात तपासल्याशिवाय नवं बिट घेऊ नका, हे तर आम्ही प्रत्येकाला सांगतो. वरच्या जबड्यात पहिल्या दाढेच्या पुढे काही घोड्यांना खुंटासारखा छोटा दात असतो आणि बिट त्यावर आपटत राहतं. अडीच ते साडेचार वर्षांच्या घोड्याच्या दुधाच्या दाढा पडत असतात, तेव्हाही तोंड हुळहुळं असतं. डोकं झटकणं, जीभ बिटाच्या वर काढणं, तोंड वासणं, फेसात लाली दिसणं, यातलं काहीही दिसलं तर आधी पशुवैद्य, मग आम्ही.

माप कसं घ्यायचं

अंगठ्याएवढी जाड, गुळगुळीत लाकडी काठी घ्या. बिट जिथे बसतं तिथे ती तोंडात आडवी धरा आणि दोन्ही ओठांच्या कोपऱ्यांशी पेन्सिलीने खूण करा. दोन खुणांमधलं अंतर अधिक अर्धा इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच, हे फिरत्या कडीच्या (बिटाच्या टोकाला वादी अडकवायची ती कडी) बिटाचं माप. कडी पक्की असेल तर एकूण पाव इंच पुरतो. जुनं बिट मोजताना ते सरळ ताणून धरा आणि एका कडीच्या आतल्या बाजूपासून दुसरीच्या आतल्या बाजूपर्यंत मोजा, कड्या धरू नका. काठियावाडी, मारवाडी घोड्यांना साधारण साडेचार ते पाच इंच लागतं, थरोब्रेडला, म्हणजे रेसच्या जातीच्या घोड्याला, पाच किंवा थोडं जास्त. पण हा अंदाज आहे. काठी घेऊन या.

सांध्याचं बिट रुंद झालं तर सांधा खाली लोंबतो, पुढच्या दातांवर वाजतो आणि वादी ओढली की अख्खं बिट एका बाजूला सरकतं. अरुंद झालं तर ओठ कडीत सापडतो.

कोणतं घ्यावं

शिकाऊ स्वाराला आणि नव्या घोड्याला आम्ही दोन सांधे आणि मधे गुळगुळीत मणी असलेलं साधं स्नॅफल, म्हणजे बिनदांडीचं बिट, देतो. एका सांध्याचं बिट ओढलं की अडकित्त्यासारखं मिटतं. काही घोडे ते चालवून घेतात, काही नाही.

दांडी आणि हनुवटीखाली साखळी असलेलं कर्ब म्हणजे तरफ. दांडीचा बिटाच्या वरचा भाग दोन इंच आणि खालचा चार इंच असेल, तर वादीवर एक किलोची ओढ हिरडीवर हिशेबाने तीन किलो होते. ज्याचा हात घोड्याच्या चालीबरोबर हलत नाही, त्याच्या हातात हे देऊ नये. साखळी पिळ काढून सपाट बसवा, खाली दोन बोटं जायला हवीत.

काटेरी बिट आम्ही ठेवत नाही. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत त्याला मनाई आहे, आणि नियम नसता तरी ठेवलं नसतं.

रेसमधून आलेल्या घोड्याबद्दल वेगळं सांगायला हवं. रेसकोर्सवर तो बिटावर भार टाकून पळायला शिकलेला असतो. तुम्ही थांबवायला ओढता, त्याला ते 'पळ' असं कळतं. अशा घोड्याला कडक बिट लावून वेग कमी होत नाही, त्याला नव्याने शिकवावं लागतं.

माथेरान, महाबळेश्वरकडच्या घोडेवाल्यांना एक विनंती: पर्यटकाला बसवून घोडा हाताने नेता, तेव्हा दोर बिटाच्या कडीत अडकवू नका, खाली म्होरकी ठेवून तिला बांधा. पर्यटक तोल सावरायला वाद्यांनाच लोंबकळतो. त्यात तुमच्या दोराची ओढ नको.

जुनं बिट फेकू नका, घेऊन या

मागे एक गिऱ्हाईक कडक बिट मागायला आलं, जुनं पिशवीत होतं. कडी जिथून फिरते ते भोक झिजून रुंद झालं होतं आणि त्या फटीत तांबूस केस अडकलेले. घोडीच्या ओठाचे. वळताना दर वेळी चिमटा बसत होता. तेच माप, तोच प्रकार, नवं बिट दिलं.

क्रोमचा मुलामा सुटलेलं बिटही बाद समजा, पापुद्र्याची कड पात्यासारखी लागते. स्टेनलेस स्टील सर्वांत बिनत्रासाचं. स्वीट आयर्न, म्हणजे साधं लोखंड, गंजतं; ते गंजायचंच असतं, त्याने घोड्याच्या तोंडाला पाणी सुटतं. स्वारी झाली की साध्या पाण्याने धुवा, तोंडातल्या भागाला पॉलिश नको. डिसेंबरच्या पहाटे तळहातात धरून जरा ऊब द्या.

येताना मापाची काठी, जुनं बिट आणि घोड्याच्या तोंडाचे दोन्ही बाजूंचे फोटो आणा. नवं बिट आठ दिवस वापरून बघा. जमलं नाही तर धुऊन परत आणा, बदलून देऊ. दातांच्या खुणा उमटलेलं रबरी बिट मात्र परत घेत नाही.